आमच्या वतीने बोलू नका

सामाजिक सलोख्याच्या कार्यक्रमांचा आपल्याकडे एक साचा ठरून गेला आहे. रमजानमध्ये इफ्तार, ईदनंतर शीरखुर्मा, गणपतीत मिरवणुकीला पाणीवाटप, आणि अधूनमधून 'समज-गैरसमज' या विषयावर एखादं व्याख्यान. मंचावर तीन धर्मांचे पाच पुरुष. शेवटी सगळे एकमेकांचे हात धरून वर करतात, फोटो निघतो आणि रात्रीपर्यंत तो सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलेला असतो.

या कार्यक्रमांशी माझं वैर नाही. आजच्या हवेत चार माणसं एका ताटावर बसतात, हेही थोडं नाही. माझं भांडण आहे ते या सगळ्यामागच्या एका गृहीतकाशी. ते गृहीतक सांगतं की समाजासमाजांत आणि स्त्री-पुरुषांत जे ताण आहेत ते गैरसमजातून आलेले आहेत. एकमेकांची माहिती झाली की ते आपोआप सुटतील. हे ऐकायला गोड लागतं, कारण गैरसमजाला कुणी जबाबदार नसतं. पण बहुतेक वेळा प्रश्न गैरसमजाचा नसतोच, तो अधिकाराचा असतो. कोण बोलणार, कुणाबद्दल बोलणार आणि कुणाला न विचारता बोलणार, हे काही मोजक्या लोकांनी आपल्या हातात ठेवलं आहे. आणि आपण त्याच लोकांना संवादाचे दूत म्हणून हार घालतो आहोत.

किल्ला कुणाचा?

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातलं आंबागड हे माझं गाव. जवळच्या डोंगरावर किल्ला आहे. १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला. बख्त बुलंद जन्माने गोंड. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला. १७०२ मध्ये नागपूर वसवणारा राजा तो हाच. आपल्या मुलखात त्याने हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडचे कारागीर आणि शेतकरी आणून वसवले. पुढे हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी या किल्ल्याचा तुरुंग केला.

आता आमच्याकडच्या पोरांचं मोबाईलवर भांडण चालतं: किल्ला कुणाचा? कुणी म्हणतो पठाणाचा, कुणी म्हणतो गोंडांचा, कुणी म्हणतो भोसल्यांचा. प्रत्येकाला आपल्या नावाची पाटी हवी आहे. मला मात्र या किल्ल्यावरून दोन गोष्टी दिसतात.

पहिली, वेगवेगळ्या धर्मांचं, भाषांचं आणि जमातींचं एकत्र असणं ही काही पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून आलेली नवी गोष्ट नाही. आमच्या तालुक्यात झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, मध्य प्रदेशाची सीमा जवळ असल्याने हिंदी आहे, आणि आमच्या घरातली उर्दू-हिंदीची खिचडी आहे. एका माणसाच्या तोंडात सकाळपासून रात्रीपर्यंत यातल्या तीन भाषा येऊन जातात. बहुसांस्कृतिक समाज म्हणजे काय, हे आम्हाला स्लाइडवर शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकत्र असणं म्हणजे बरोबरीने असणं नव्हे. राजा गोंड, सुभेदार पठाण, नंतरचे मालक मराठे: वर मिसळण भरपूर होती. पण इतिहासात नोंद झाली ती हुकूम देणाऱ्यांची. दगड वाहणाऱ्या माणसांची नावं कुठल्याच गॅझेटियरमध्ये नाहीत, आणि त्यांतल्या बायकांची तर नाहीतच. जे गंगा-जमुनी संस्कृतीचे गोडवे गातात त्यांनी हा हिशेबही मांडायला हवा.

दहा फुटांवर बसलेली मी

आमच्या क्षेत्रात 'भिन्न संस्कृतींशी संवाद' या नावाचं दोन तासांचं प्रशिक्षण असतं. जपानी ग्राहकाशी कसं बोलावं, जर्मन ग्राहकाला काय आवडत नाही, महिला सहकाऱ्यांशी बोलताना कोणते शब्द टाळावेत. संस्कृती म्हणजे जणू मिक्सर. सोबत आलेली पुस्तिका वाचली की चालवता येतो. त्या पुस्तिकेत अर्थातच एक पान आमचंही असतं: मुस्लिम सहकारी, नमाज, रोजा, हलाल, हस्तांदोलन.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे एकदा रात्रीचं डिप्लॉयमेंट होतं. कोड मी लिहिलेला होता. टीम लीडने मला काही विचारलं नाही. त्याने टीममधल्या दुसऱ्या एका मुस्लिम मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "तिला रात्री थांबायला चालेल का? म्हणजे, तुमच्यात कसं असतं?" तो मुलगा लखनौकडचा. त्याची-माझी ओळख कॅन्टीनमधल्या सलामपुरती. तरीही त्याने बेधडक उत्तर दिलं, "नहीं चलेगा शायद." झालं. माझं नाव यादीतून निघालं, रात्री दुसरा कुणी बसला आणि वर्षाअखेरच्या मूल्यमापनात ते काम त्याच्या खात्यात जमा झालं.

दोघंही सभ्य होते आणि दोघांचा हेतूही चांगला होता. लीडला वाटलं, आपण एका संस्कृतीचा मान राखला. त्या मुलाला वाटलं, आपण कौमच्या बहिणीची इज्जत राखली. एक हिंदू आणि एक मुसलमान पुरुष यांच्यात त्या दिवशी अगदी सुरळीत संवाद झाला. आणि जिच्याबद्दल तो झाला ती मी तिथून दहा फुटांवर हेडफोन लावून बसले होते.

यात गैरसमज शोधून दाखवा. सापडणार नाही. माझ्याबद्दलचा निर्णय मला सोडून इतर कुणालाही विचारून घेता येतो, यावर दोघांचं एकमत होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेने उलट त्या एकमताला आदराचं नाव दिलं.

कंपनीला दोष देऊन मी घरच्यांना सोडणार नाही. आमच्याच भागातल्या एका गावात सलोख्याची सभा होती. बायका पडद्यापलीकडे बसलेल्या. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायचे होते. मी लिहिलं, "शांतता समितीवर आणि मोहल्ल्याच्या कमिटीवर एकही बाई का नाही?" चिठ्ठी मंचावर गेली. सूत्रसंचालकाने ती वाचली, क्षणभर थांबला आणि माइकवर म्हणाला, "एका भगिनीने मुलींच्या शिक्षणाबद्दल मार्गदर्शन मागितलं आहे." मग एका पाहुण्याने मुलींच्या शिक्षणावर दहा मिनिटं मार्गदर्शन केलं. टाळ्याही पडल्या.

हा माणूस मराठी वाचू शकत होता. माझं अक्षरही चांगलं आहे.

२०१६ सालची दोन दारं

हे फक्त माझ्यापुरतं असतं तर लिहिलं नसतं. महाराष्ट्रात एकाच वर्षी, एकाच प्रश्नावर दोन धर्मस्थळांत जे घडलं ते आठवा.

नोव्हेंबर २०१५ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर एक बाई चढली, म्हणून तिथे शुद्धीकरण झालं. त्यानंतर आंदोलन झालं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्याच वेळी मुंबईत हाजी अली दर्ग्याचा खटला चालू होता. तिथे स्त्रिया आधी मजारपर्यंत जात होत्या. मग ट्रस्टने त्यांना बंदी केली. पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रियांनी जाणं पाप आहे, असा ट्रस्टचा युक्तिवाद होता. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झकिया सोमण आणि नूरजहाँ साफिया नियाझ न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि नोव्हेंबरअखेरीस स्त्रिया पुन्हा मजारपर्यंत पोचल्या.

आता दोन्हीकडची कारणं शेजारी ठेवून वाचा. परंपरा, पावित्र्य, स्त्रियांची सुरक्षितता, धर्मात बाहेरच्यांचा हस्तक्षेप नको. देव वेगळा, भाषा वेगळी, पोशाख वेगळा. पण युक्तिवाद सारखाच. दोन संस्कृतींमध्ये दरी आहे म्हणतात ना? या विषयावर दोन्हीकडच्या विश्वस्तांना दुभाषाची गरज पडली नसती.

दरी कुठे होती ते सांगते. त्या वर्षी आमच्याकडचे लोक शनिशिंगणापूरची बातमी वाचून म्हणत होते, "बघा, यांच्यात बायकांची काय हालत आहे." तिकडचे लोक हाजी अलीची बातमी वाचून हेच म्हणत होते. दुसऱ्याच्या घरातली बाई मुक्त व्हावी ही इच्छा सगळ्यांना असते. स्वतःच्या घराचं दार आलं की मग संस्कृती, मग नाजूक विषय, मग योग्य वेळ.

एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवते, कारण ती माझ्याही सोयीची नाही. शिंगणापूरला चौथऱ्यावर बंदी असतानाच देवस्थानच्या अध्यक्षपदी एक स्त्री निवडून आली होती, आणि तिने परंपरेचीच बाजू घेतली. तेव्हा मंचावर एक खुर्ची बाईला दिली की काम झालं, असं कुणी समजू नये. कमिटीच्या मर्जीने बसवलेली बाई कमिटीचंच बोलते. आपल्या गावांतले 'सरपंचपती' आपण पाहतोच: २०११ पासून महाराष्ट्रातल्या पंचायतींत अर्ध्या जागा स्त्रियांच्या आहेत, पण कितीतरी ठिकाणी सही बाईची आणि आवाज नवऱ्याचा. खुर्ची हवीच, पण तिच्यावरची बाई कुणाला उत्तर देते हेही पाहावं लागेल.

'ही वेळ नाही'

इथपर्यंत वाचून काही भावांच्या मनात एक वाक्य तयार झालं असेल. ते मला पाठ आहे. "तुझं म्हणणं बरोबर आहे आपा, पण ही वेळ नाही. आज कौमवर चहूबाजूंनी हल्ले होत आहेत. घरातली भांडणं चव्हाट्यावर आणली की ती त्यांच्या हातात कोलीत देण्यासारखं होतं."

हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. भीती खरी आहे. पुण्यात घर भाड्याने शोधताना आडनाव ऐकून एजंटचा आवाज कसा बदलतो, ते मीही ऐकलं आहे. गावाकडे भाऊ रात्री मोटरसायकलवरून उशिरा येतो तेव्हा अम्मी दारात उभी असते. ती काय कल्पना करत असते हे आम्हाला विचारावं लागत नाही. ज्या समाजाला रोज स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करावं लागतं, तो समाज घराच्या खिडक्या बंद करून घेतो. ते समजतं.

पण वेळेचा इतिहास पाहा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध त्यांचं म्हणणं होतं. त्यांना सांगितलं गेलं की ही वेळ नाही. दलवाईंची सगळी मतं मला पटत नाहीत, पण त्या सात जणींचा प्रश्न खोटा नव्हता. १९८२ मध्ये जळगावात जमातीने मुस्लिम स्त्रियांना सिनेमा पाहायला बंदी केली, तेव्हा रझिया पटेल या तरुणीने त्याविरुद्ध लढा उभा केला. तिलाही हेच सांगितलं गेलं. २३ एप्रिल १९८५ रोजी शाहबानोच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. इंदूरच्या त्या वृद्ध बाईच्या पोटगीपेक्षा कौमची इभ्रत मोठी ठरली आणि १९८६ चा कायदा आला. म्हणजे १९६६, १९८२, १९८५: एकदाही वेळ योग्य नव्हती. साठ वर्षांत जी वेळ आली नाही ती आपोआप येणार नाही.

आणि आपण न ऐकल्याचा परिणाम काय झाला? २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. न्यायालयात गेलेल्या सायराबानो आणि इतर जणी मुस्लिमच होत्या. त्यांचं म्हणणं मोहल्ल्यात कुणी ऐकलं असतं तर त्यांना दिल्ली गाठावी लागली नसती. मग २०१९ मध्ये सरकारने कायदा केला आणि तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगाची तरतूद केली. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा प्रश्न अनेक स्त्री-संघटनांनी विचारला. त्यांचं कुणी ऐकलं नाही. म्हणजे आधी कमिटीने आमच्या वतीने ठरवलं, नंतर सरकारने आमच्या वतीने ठरवलं. 'मुस्लिम बहिणींना न्याय' हे भाषण करणाऱ्यांनीही आम्हाला विचारलं नाही आणि 'शरियतमध्ये दखल नको' म्हणणाऱ्यांनीही विचारलं नाही. एकाला आमची सुटका करायची होती, दुसऱ्याला आमचं रक्षण करायचं होतं. बाई दोघांच्याही वाक्यात कर्म होती, कर्ता कधीच नव्हती.

कोलीत त्यांच्या हातात आम्ही देत नाही. ते आमच्या गप्प बसण्यातून मिळतं. जिथे आम्ही स्वतः बोलत नाही तिथे टीव्हीवरचा कुणीही दाढीवाला किंवा कुणीही अँकर आमच्या नावाने बोलून जातो.

दीन काय म्हणतो, हेही विचारा

काही जणांना वाटेल की हे सगळं बाहेरून आणलेलं आहे. मग आपल्याच पानांवर या. सूरह हुजुरातची तेरावी आयत सलोख्याच्या प्रत्येक सभेत वाचली जाते. माणसांचे कौम आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असा तिचा आशय. सभेत इथेच थांबतात. त्या आयतीची सुरुवात मात्र पुरुष आणि स्त्री यांच्यापासून होते. संस्कृतींमधली ओळख आणि स्त्री-पुरुषांमधली बरोबरी हे दोन विषय तिथे एकाच आयतीत आहेत. आपण त्यातला अर्धा भाग मंचावर नेला आणि उरलेला पडद्यामागे ठेवला.

आणि अठ्ठावन्नाव्या सूरहचं नाव काय? अल-मुजादिला, म्हणजे वाद घालणारी स्त्री. नवऱ्याने अन्यायाने दूर लोटलेली खौला बिंत सालबा थेट पैगंबरांकडे आली आणि तिने आपलं गाऱ्हाणं स्वतःच्या तोंडाने मांडलं. तिने चिठ्ठी पाठवली नव्हती. भावाला पुढे केलं नव्हतं. तिचं ऐकलं गेलं आणि त्या जुन्या रूढीविरुद्ध हुकूम आला. ज्या किताबात वाद घालणाऱ्या बाईच्या नावाने एक पूर्ण सूरह आहे, ती मानणाऱ्या मोहल्ल्यात बाईचा प्रश्न बदलून वाचला जातो, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

भाषेचं ओझं

आता बाहेरच्यांसाठी थोडं. "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे कौतुक मी महाविद्यालयापासून ऐकते आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मला माहीत आहे. पण या कौतुकाचा अर्थ असा की तुमच्याकडून मराठीची अपेक्षा नव्हती. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तरी प्रत्येक पिढीला पुन्हा पाहुणं ठरवलं जातं.

आणि उर्दूला पाकिस्तानात ढकलणाऱ्यांनी पातूरचा निकाल वाचावा. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव लिहिलं होतं. ते काढा म्हणून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू ठेवायला हरकत नाही असं सांगितलं; भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दूचा जन्म याच भूमीतला, हेही बजावलं. पाटीवर एक जास्तीची ओळ असल्याने पातूरच्या कुणाला कर भरायला अडचण येत नव्हती. तो पाटी वाचता न येण्याचा प्रश्न नव्हताच. पाटीवर कुणाला जागा आहे, याचा होता. पुन्हा तेच: गैरसमज कमी, अधिकार जास्त.

पण इथेही घरचा भाग विसरू नका. मराठी की उर्दू हे आपल्याकडे कोण ठरवतं? मुलाला इंग्रजी किंवा मराठी शाळेत घालायचं, कारण त्याला नोकरी करायची आहे. मुलीला जवळच्या शाळेत, कारण तिला घरीच राहायचं आहे, असं गणित अनेक घरांत मांडलं जातं. मग तहसील कार्यालयातला अर्ज भरायला तिला भाऊ लागतो, बँकेत नवरा लागतो. आधी भाषा द्यायची नाही आणि मग 'हिला बोलता येत नाही' म्हणून तिच्या वतीने बोलायचं.

भांडता येणारं नातं

मग खरा संवाद कुठे होतो? मला तो अम्मीच्या बचतगटात दिसतो. बारा जणी. त्यांत गोंड आहेत, पोवार आहेत, बौद्ध आहेत, कुणबी आहेत आणि दोन आमच्या. तिथे सलोख्यावर कुणी भाषण करत नाही. दर आठवड्याला पैसे जमा होतात, वहीत नोंद होते, कर्ज कुणाला द्यायचं ते ठरतं. एकदा अम्मीला दुसरं कर्ज हवं होतं. समोरची गोंड बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "भाभी, पयले मागचा हप्ता भर, मंग नवीन कर्जाचं बोल." अम्मी चिडली. दोन दिवस तणतणली. तिसऱ्या दिवशी हप्ता भरला आणि पुढच्या बैठकीला जाऊन त्याच बाईशेजारी बसली. रोवणीच्या दिवसांत या दोघी एकाच बांधीत चिखलात उभ्या असतात.

या भांडणात धर्म आला नाही, जात आली नाही. कारण दोघींचे पैसे सारखे होते, दोघींची सही सारखी होती, आणि दोघींना माहीत होतं की पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचं आहे. बचतगट म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथेही राजकारण असतं, वसुलीचा जाच असतो. पण संवादासाठी काय लागतं ते तिथे दिसतं: हिस्सा, सही आणि पुन्हा भेटण्याची खात्री. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याशी तुमचा सलोखा नाही, फक्त शिष्टाचार आहे.

भिवंडीचा अनुभवही हेच सांगतो. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर काही वर्षांनी तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांवर विसंबून न राहता त्यांनी गल्लीतल्या साध्या माणसांना एकत्र बसवलं, आणि दंगल होण्याची वाट न पाहता नियमित बसवलं. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हात वर केलेल्या फोटोने हे झालं नव्हतं.

मग करायचं काय?

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले बरेच जण पुढची सभा, पुढची ईद-मिलन, पुढची शांतता समिती भरवणारे आहात. तुमच्याकडे मागणं फार नाही.

बाईबद्दलचा प्रश्न असेल तर आधी बाईला विचारा. तिच्या भावाला नको, नवऱ्याला नको, आणि ऑफिसात तिच्याच धर्माच्या पुरुष सहकाऱ्यालाही नको. तुम्हाला कुणी असं विचारलं तर एवढंच म्हणा, "ती तिथे बसली आहे, तिलाच विचारा." भावांनो, कौमची इज्जत राखायची एवढीच हौस असेल तर ती या एका वाक्याने राखली जाईल.

सभेत बाईच्या हातात चिठ्ठीऐवजी माइक द्या. ती पडद्यामागे बसणार असेल तर तो तिचा निर्णय असू द्या. पडद्यामागूनही आवाज ऐकू येतो. मोहल्ला कमिटी आणि शांतता समितीची यादी होते तेव्हा त्यांत स्त्रिया असाव्यात, आणि त्यांची निवड मोहल्ल्यातल्या स्त्रियांनी करावी. मंचावरच्या पुरुषांनी नव्हे.

बहिणींनो, कायद्याने मिळालेली जागा सोडू नका. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. ती बहुतेक गावांत कागदावरच होते. जा, आणि ठराव लिहून घ्या. मराठीत लिहा, येत नसेल तर उर्दूत सांगा आणि लिहिणाऱ्याकडून वाचून घ्या. मी मघाशी सांगितलेल्या चिठ्ठीचा धडा हाच आहे: आपण काय म्हणालो ते कुणीतरी दुसऱ्याने वाचून दाखवण्याआधी आपण मोठ्याने वाचलं पाहिजे.

आणि जे आम्हाला आमच्याच घरातून सोडवायला निघाले आहेत त्यांना एक निरोप. तुमच्या मदतीची गरज आम्हाला अनेक ठिकाणी आहे: घर भाड्याने मिळताना, नोकरीच्या मुलाखतीत, पोलीस ठाण्यात, पाटीवरच्या एका ओळीसाठी. तिथे या. आमचं भांडण आम्ही लढतो आहोत, साठ वर्षांपासून लढतो आहोत. ते तुमच्या भाषणासाठी उसनं नेऊ नका.

समाज वेगवेगळ्या लोकांचा असला की बोलणं अवघड होतं, असं म्हणतात. आंबागडच्या आठवडी बाजारात ते कधी अवघड झालेलं मी पाहिलं नाही. अवघड असतं ते ऐकणं. कारण ऐकलं की काहीतरी सोडावं लागतं: खुर्ची, माइक, किंवा दुसऱ्याच्या वतीने बोलायची जुनी सवय. ज्याची ते सोडायची तयारी आहे त्याने सभा भरवावी. आम्ही येऊ, आणि आमचं आम्हीच बोलू.